जंगी मैदानाचे पत्रक : शहापूर-मुरबाड भागातील कुस्तीच्या भाकितांचा विचार

ओवी, लावणी, पोवाडा, उखाणा या लोकवाङ्मयाच्या प्रकारांकडे आपल्या अभ्यासकांचे लक्ष पुष्कळ गेले आहे, आणि ते योग्यच होय. परंतु जत्रेच्या आधी पंधरा दिवस एस.टी.च्या थांब्यावर, चहाच्या टपरीच्या फळीवर आणि देवळाच्या खांबावर जे पिवळे किंवा गुलाबी पत्रक चिकटलेले दिसते, आणि आता ज्याचे चित्र मोबाइलवरून गावोगाव फिरते, त्या कुस्त्यांच्या पत्रकाकडे वाङ्मय म्हणून सहसा कोणी पाहत नाही. जाहिरात म्हटली की अभ्यासकाचे कुतूहल मावळते. वस्तुतः या पत्रकातील जवळजवळ प्रत्येक ओळ हे एक भाकीत असते. अमक्या मल्लाची तमक्याशी कुस्ती होईल, ती तोडीची होईल, ती निकाली होईल, असे पत्रक छातीठोकपणे सांगते. भाकीत केले की ते खरे ठरले की खोटे हा प्रश्न ओघानेच येतो. आणि जेथे हा प्रश्न येतो तेथे टीकेला काम मिळते.

प्रस्तुत लेखाला निमित्त झाली ती गेल्या हंगामातील दोन पत्रके. दोन्ही शहापूर तालुक्यात डोळखांबच्या बाजूस असलेल्या एकाच गावची, एकाच मैदानाची. परंतु दुसरे पहिल्यानंतर नऊ दिवसांनी छापलेले. पहिल्यात सहा नेमलेल्या कुस्त्या आहेत, दुसऱ्यातही सहाच आहेत. मात्र बारा नावांपैकी तीन नावे बदलली आहेत. एक नाव तेच राहून त्याखालील तालमीचे नाव बदलले आहे. आणि दुसऱ्या क्रमांकाची एक जोडी मोडून तिच्यातील एक मल्ल चौथ्या क्रमांकावर उतरला आहे. या फरकांविषयी दुसऱ्या पत्रकात एक अक्षरही नाही. जुन्या पोथ्यांतील पाठभेदांवर आपण विद्यार्थ्यांकडून वर्षानुवर्षे निबंध लिहवून घेतो. तेथे लेखनिकाची डुलकी किंवा संप्रदायाचा आग्रह अशी कारणे अनुमानाने काढावी लागतात. येथे पाठभेद डोळ्यांदेखत घडला होता, आणि त्याची कारणे सांगणारी माणसे चहाच्या टपरीवर भेटत होती.

शहापूर आणि मुरबाड हे ठाणे जिल्ह्याचे सह्याद्रीच्या पायथ्याशी असलेले तालुके. भाताची झोडणी आटोपली, खाचरे मोकळी झाली, की पौषापासून वैशाखापर्यंत गावोगावच्या दैवतांच्या जत्रा भरतात. पौषी पौर्णिमेला सुरू होणारी मुरबाड तालुक्यातील म्हसे येथील म्हसोबाची जत्रा तर गुरांच्या बाजारासाठी दूरवर प्रसिद्ध आहे. या बाजाराचा उल्लेख येथे करण्याचे कारण असे, की बैलाचे गिऱ्हाईक आणि कुस्तीचा प्रेक्षक हे पुष्कळदा एकच गृहस्थ असतात. दात, खूर, वशिंड आणि चाल पाहून हा बैल किती पावसाळे नांगर ओढील हे सांगणारा शेतकरी, मैदानात लंगोट कसून उतरलेल्या पोराकडे त्याच नजरेने पाहतो. मान केवढी, मांडी कशी भरली आहे, कान फुटले आहेत की अजून कोवळे आहेत, सलामीला हात पुढे करताना पाय कोणता मागे राहतो, एवढ्यावरून त्याचे भाकीत तयार होते. पत्रकाचा लेखक लिहितो तो अशा वाचकांसाठी, हे ध्यानात ठेवले पाहिजे. त्यांना फसवणे सोपे नाही.

पत्रकाची रचना ठरलेली असते. सर्वांत वर दैवताचे नाव. त्याखाली ‘कुस्त्यांचे जंगी मैदान’ हा मथळा. मग तिथी, वार आणि इंग्रजी तारीख. मग क्रमवार जोड्या. प्रत्येक जोडीत डावीकडे एक नाव, उजवीकडे दुसरे, मध्ये ‘विरुद्ध’ हा शब्द. नावाआधी ‘पै.’ हे उपपद, नावाखाली बारीक टाइपात तालमीचे किंवा वस्तादांचे नाव, आणि जोडीच्या तळाशी इनामाचा आकडा व तो देणाऱ्या घराण्याचे नाव, बहुधा कोणाच्या तरी स्मरणार्थ. शेवटी दोन-तीन ठरीव वाक्ये येतात. पंचांचा निर्णय अंतिम राहील, हे त्यांतले एक. आणि वेळेवर येणाऱ्या मल्लांच्या कुस्त्या योग्यतेप्रमाणे लावल्या जातील, हे दुसरे. या दुसऱ्या वाक्याकडे आम्ही पुढे वळणारच आहोत, कारण आमच्या मते सबंध पत्रकातील सर्वांत महत्त्वाची ओळ तीच आहे.

मधला ‘विरुद्ध’ हा शब्द छापखान्याने किंवा वर्तमानपत्राने दिलेला आहे. मैदानातली बोली त्या जागी ‘जोड’ हा शब्द वापरते. अमका अमक्याची जोड आहे. याला जोड मिळेना. पंचांनी जोड चांगली लावली. मराठीत जोड म्हणजे प्रतिस्पर्धी, आणि जोड म्हणजे साथ. तुल्यबळ माणूसही जोडच, आणि एका गोष्टीला पूर्णत्व यावे म्हणून दिलेली दुसरी गोष्टही जोडच. पंच एखाद्या अनोळखी पोराचा मनगटाशी धरलेला हात उंच करून त्याला आखाड्याभोवती फिरवतात तेव्हा ते गर्दीला त्याचा शत्रू मागत नसतात. त्याच्या बळाचे माप घेता येईल असा दुसरा देह मागत असतात. वजन, उंची, वय, तालमीतली वर्षे, गेल्या जत्रेतील कुस्ती, एवढे सगळे क्षणार्धात तोलून ‘ही लागेल’ किंवा ‘ही नको, पोर कच्चे आहे’ असा निवाडा द्यावा लागतो. साहित्याच्या टीकेत दोन कवींची तुलना करताना आपण याहून फारसे निराळे काही करीत नाही. फक्त आपली चूक झाली तर कोणाचा खांदा निखळत नाही.

बाराव्या शतकातील चालुक्य राजा सोमेश्वर तिसरा याच्या ‘मानसोल्लास’ या ग्रंथात मल्लविनोदाचे प्रकरण आहे, आणि तेथेही मल्लांची प्रतवारी आणि त्यांची तयारी यांचा विचार राजाच्या करमणुकीच्या अंगाने आलेला आहे. आमच्या काळाच्या जवळचा मोठा ग्रंथ म्हणजे दत्तात्रय चिंतामण मुजुमदार यांनी बडोद्यास संपादिलेला दहा खंडांचा ‘व्यायाम ज्ञानकोश’. डावांच्या वर्णनाचे इतके विपुल भांडार मराठीत दुसरे नसेल. परंतु डाव हा एका मल्लाचा असतो आणि कुस्ती दोघांची असते. ढाक, कलाजंग, मोळी, घिस्सा यांची कितीही सूक्ष्म वर्णने वाचली, तरी कोणाची कोणाशी लावावी हे ज्ञान त्यांतून मिळत नाही. ते पंचांच्या आणि पत्रक लिहिणाऱ्या कमिटीच्या डोक्यात असते, आणि लिखित स्वरूपात ते फक्त पत्रकात उतरते.

आता पाठभेदांकडे वळू. बदललेल्या तीन नावांपैकी पहिल्या क्रमांकाचे नाव कोल्हापूरकडील एका मल्लाचे होते. त्याच दिवशी देशावर अधिक इनामाचे मैदान निघाले, आणि तो तिकडे गेला. दुसऱ्याचा गुडघा सरावात दुखावला. तिसरा एका परगावच्या मैदानात ज्याच्याशी लढून बरोबरीत सुटला होता त्याच्याशीच आठवड्याच्या आत पुन्हा लढायला तयार होईना, आणि त्यात त्याचे काही चुकले असे आम्हाला वाटत नाही. हे सारे हंगामाचे नेहमीचे व्यवहार आहेत. मल्ल हा व्यावसायिक कलावंत आहे. चार महिन्यांच्या हंगामात मिळेल त्यावर त्याला वर्षाचा खुराक काढायचा असतो. दूध, तूप, बदाम यांचे भाव कमिटीला ठाऊक नसतात असे नाही. म्हणूनच कमिटीने तीन नावे मुकाट्याने बदलली, आणि गावानेही ती मुकाट्याने वाचली.

चौथ्या फरकाची गोष्ट निराळी आहे. तेथे नाव बदलले नाही, नावाखालची ओळ बदलली. हा मल्ल शहापूर तालुक्यातलाच, किन्हवलीच्या बाजूच्या एका पाड्यावरचा. पहिल्या पत्रकात त्याच्या नावाखाली त्याच्या गावच्या वस्तादांचे नाव होते. दुसऱ्यात पुण्याच्या एका तालमीचे आले. मधल्या नऊ दिवसांत तो तिकडे राहायला गेला होता. वस्तादांना ते ठाऊक नव्हते असे नाही; त्यांनीच चिठ्ठी दिली होती. तरीही पत्रक हाती आल्यावर, चष्मा घरी राहिला असे सांगून, त्यांनी ते आमच्याकडून वाचून घेतले. आम्ही मोठी नावे वाचली तेव्हा त्यांनी विचारले, “आणि खाली बारीक काय आहे?” ते वाचल्यावर ते म्हणाले, “बरोबर आहे. तिथं त्याला जोड आहे.”

या एका वाक्यात सगळा प्रश्न आला आहे. पोरगा गाव सोडून का गेला, याचे उत्तर सामान्यतः पैसा, मॅट, नोकरी, नाव अशा शब्दांत दिले जाते, आणि त्यांत तथ्य आहेच. पण तालमीतला माणूस पहिल्याने जे कारण सांगतो ते सरावाच्या जोडीचे. या पोराचे वजन ऐंशी किलोच्या घरात गेले होते, आणि गावच्या तालमीत त्याच्या खालोखालचा मुलगा साठाच्या आसपास. अशा मुलाशी रोज लढून मोठ्याचे बळ वाढत नाही, आणि धाकटा मोडण्याची भीती असते. ज्याला आपल्या तोडीचा गडी रोज अंगावर मिळत नाही त्याची कुस्ती एका जागी थांबते. म्हणून जो सर्वांत चांगला तोच जातो. तो गेला की त्याच्या मागचा, जो आतापर्यंत त्याच्या अंगाखाली दबून शिकत होता, तोही जोडीवाचून राहतो. दोन वर्षांत तोही जातो, नाही तर आसनगावहून लोकल धरून कामाला लागतो. तालमीची गळती सुरू होते ती तळातून नव्हे, शेंड्यातून.

याचा दुसरा अर्धा भाग पत्रकात दिसतो. गावात जोड उरली नाही की जत्रेला जोड बाहेरून आणावी लागते. बाहेरचा मल्ल प्रवास आणि इनाम पाहून येतो. वर्गणी मर्यादित, तेव्हा पहिल्या दोन-तीन क्रमांकांचे इनाम वाढते आणि खालच्या कुस्त्यांसाठी उरते ते थोडे. खालच्या कुस्त्यांत गावची आणि पाड्यांची मुले असतात. त्यांच्या पदरी नारळ आणि दहा-वीस रुपये. म्हणजे ज्या उणिवेमुळे पोरगा गेला तीच उणीव भरून काढण्याच्या खटाटोपात पुढच्या पोराचा वाटा कमी होतो. कमिटीतील मंडळी हे जाणून करतात असा आमचा आरोप नाही. पहिल्या क्रमांकाचे नाव मोठे नसेल तर शेजारच्या गावची गर्दी येत नाही, हे त्यांचे म्हणणे खोटे नाही. परंतु टीकाकाराने पत्रक खालून वर वाचले तर जे दिसते ते हे आहे.

येथे व्यावसायिक कुस्तीच्या दुसऱ्या एका परंपरेचा विचार करणे अवश्य आहे, कारण भाकितांचा प्रश्न तिच्या शेजारी ठेवल्याने स्पष्ट होतो. मुंबईत फ्रीस्टाइल कुस्त्यांचे जे प्रयोग झाले ते दारासिंग आणि किंग काँग यांच्या नावांनी आजही आठवले जातात. दारासिंगने १९५४ साली ‘रुस्तम-ए-हिंद’ हा किताब मिळवला, १९५९ साली कलकत्त्यास राष्ट्रकुलाचे अजिंक्यपद घेतले, आणि २९ मे १९६८ रोजी मुंबईत अमेरिकेच्या लू थेझचा पराभव केला. दरम्यान तो रिंगणातून पडद्यावर गेलेला होता. १९६२ च्या ‘किंग काँग’ या हिंदी चित्रपटाचा नायक तोच. ‘फ्रीस्टाइल’ या शब्दाचे मराठीत पुढे काय झाले हे पाहण्यासारखे आहे. खाशाबा जाधवांनी १९५२ साली हेलसिंकीला ब्राँझपदक मिळवले ते फ्रीस्टाइलमध्येच, पण तो ऑलिंपिकच्या काटेकोर नियमांचा प्रकार होता. मराठी वर्तमानपत्राने मात्र नगरपालिकेच्या सभेत खुर्च्या उडाल्या की ‘फ्रीस्टाइल’ झाली असे लिहायचा प्रघात पाडला. म्हणजे जो शब्द गोळेश्वरच्या एका मल्लाने जगाच्या मैदानात सन्मानाने नेला, त्याला आपण निर्बंध हाणामारीचा अर्थ दिला. तो अर्थ खाशाबांच्या मॅटवरून आलेला नाही, हे उघड आहे. तो आला स्टेडियमच्या दिव्यांखालून.

फ्रेंच टीकाकार रोलाँ बार्थ यांच्या १९५७ साली प्रसिद्ध झालेल्या ‘मिथॉलॉजीज’ या ग्रंथाचा आरंभच अशा व्यावसायिक कुस्तीवरील निबंधाने होतो. त्यांचे म्हणणे थोडक्यात असे, की ही कुस्ती खेळ नव्हे, देखावा आहे. मुष्टियुद्धावर पैज लावण्यात अर्थ असतो, कारण त्याची कथा पुढे सरकत असते आणि शेवट अज्ञात असतो. या कुस्तीत मात्र प्रेक्षकाला पुढे काय होणार याची चिंता नसते, त्याच्यासमोरचा प्रत्येक क्षण स्वतःपुरता पूर्ण असतो. वेदना, पराभव, न्याय यांची चिन्हे ठळकपणे पाहायला मिळाली की तो तृप्त होतो. मल्लाने जिंकावे अशी अपेक्षाच नसते. आपली भूमिका नीट वठवावी एवढीच असते. आमच्या विभागातील पदव्युत्तर विद्यार्थी हा निबंध आवडीने वाचतात, आणि पुष्कळदा तो जसाच्या तसा आपल्या जत्रेतल्या कुस्तीला लावतात. शड्डू, हलगी, मातीची उधळण, सलामी ही सगळी ‘चिन्हे’ मोजून दाखवली की निबंध पुरा होतो.

आमच्या मते हे लागू करणे चुकीचे आहे, आणि चूक नेमकी भाकिताच्या जागी आहे. डोळखांबच्या मैदानात आम्ही ज्यांच्या मागे बसलो होतो ते वृद्ध प्रेक्षक सारखे भाकीत करीत होते. याचा पट निघणार. हा आता घिश्श्यावर येणार. याचा दम दहा मिनिटांचा आहे, मग पाहा. त्यांचे निम्मे अंदाज चुकले, आणि चुकले तेव्हा त्यांना शरम वाटली नाही, उलट आनंद झाला. मात्र एका कुस्तीत दोघे मल्ल एकमेकांच्या मानेवर हात टाकून नुसतेच फिरत राहिले, आणि ही नुरा कुस्ती आहे असा संशय पसरला, तेव्हा या मंडळींनी पहिली गोष्ट केली ती ही, की भाकीत करणे थांबवले. आरडाओरडा नंतर झाला. आधी शांतता पडली. जेथे शेवट ठरलेला आहे तेथे बार्थ यांचा प्रेक्षक रमतो, आणि आमचा प्रेक्षक उठून चहाला जातो. ‘निकाली’ या शब्दाला पत्रकात जे वजन आहे ते यामुळेच आहे. तो शब्द इनामाच्या आकड्याआधी वाचला जातो.

आणि तरीही पत्रकातील हा शब्द बहुतेक वेळा खोटा ठरतो, हेही सांगितले पाहिजे. पहिल्या क्रमांकाच्या कुस्त्या निकाली होण्याचे प्रमाण आमच्या पाहण्यात फार थोडे आहे. दोघेही नावाजलेले, दोघांच्या पुढच्या आठवड्यात आणखी मैदाने ठरलेली. पाठ लागली तर पुढचे इनाम उतरते, खांदा निसटला तर हंगाम जातो. वीस मिनिटे झाली की पंच बरोबरी जाहीर करतात किंवा गुणांवर निकाल देतात. यात लबाडी असतेच असे नाही. पुष्कळदा ती निव्वळ सावधगिरी असते. तिसऱ्या-चौथ्या क्रमांकापासून खाली मात्र चितपटीचे प्रमाण वाढत जाते, कारण तेथे राखून ठेवण्यासारखे काही कोणाजवळ नसते. म्हणजे पत्रकातील अक्षरे जसजशी लहान होतात तसतसे त्याचे भाकीत खरे होत जाते.

तालीम सोडून जाणाऱ्याचे पुढे काय होते, याचे एक ठळक उदाहरण राज्यपातळीवर घडले आहे. १९६१ पासून चालत आलेल्या महाराष्ट्र केसरी स्पर्धेची अंतिम कुस्ती ७ जानेवारी २०२० रोजी पुण्यात बालेवाडीला झाली. त्या वर्षीच्या चर्चा अभिजित कटके आणि बाला रफिक शेख या दोन माजी विजेत्यांभोवती फिरत होत्या. दोघेही अंतिम कुस्तीपर्यंत पोचले नाहीत. पोचले ते नाशिकचा हर्षवर्धन सदगीर आणि लातूरचा शैलेश शेळके. फलकावर नाशिक आणि लातूर लिहिलेले होते, पण दोघेही काका पवार यांच्या पुण्यातील एकाच तालमीचे. सदगीर मूळचा अकोले तालुक्यातील, म्हणजे शहापूर आणि मुरबाड यांच्या माथ्यावर जी सह्याद्रीची रांग दिसते तिच्या पलीकडच्या उतारावरचा. त्याने ती कुस्ती अगदी थोड्या गुणांच्या फरकाने जिंकली आणि लगेच हरलेल्या शेळकेला खांद्यावर उचलून घेतले. ते छायाचित्र खिलाडूपणाचा नमुना म्हणून सर्वत्र छापले गेले. वस्तादांच्या ‘तिथं त्याला जोड आहे’ या वाक्यानंतर आम्हाला त्यात आणखी काही दिसते. ज्याच्या अंगावर रोज सकाळी पडून आपण तयार झालो तोच अखेरीस समोर आला, आणि फलकाने त्या दोघांना दोन जिल्ह्यांची नावे दिली होती.

या उदाहरणाचा एक परिणाम असाही होतो, की एकाच तालमीचे दोघे समोर आले म्हणजे कुस्ती लुटुपुटीची होणार, हे गावाकडचे ठरीव भाकीत टिकत नाही. मात्र बालेवाडीची कुस्ती मॅटवरची होती. तेथे प्रत्येक ढकलीचा गुण होतो, आणि बचाव करणाऱ्यालाही काही तरी करून दाखवावे लागते. मातीत तसे नाही.

आता ती शेवटची ओळ. वेळेवर येणाऱ्या मल्लांच्या कुस्त्या योग्यतेप्रमाणे लावल्या जातील, या वाक्यात नावे नाहीत, तालीम नाही, इनाम नाही. परंतु आगरी, कुणबी, ठाकूर, महादेव कोळी, कातकरी अशा सगळ्या वस्त्यांतील मुले मैदानात उतरतात ती या ओळीतून. आज ज्यांची नावे मोठ्या टाइपात आहेत तेही एके काळी याच ओळीत होते. पत्रकात जोडी छापली जाते तेव्हा ती पंधरा दिवस आधी ठरलेली असते. या ओळीतील जोडी उन्हात, गर्दीसमोर, पंचांच्या नजरेने ठरते. म्हणून जोड लावण्याची कला तिच्या शुद्ध रूपात पाहायची तर ती येथे पाहावी.

ही ओळ आता आखूड होत आहे. तिचे कारण तालमीत नाही. दोन्ही तालुक्यांतील पुष्कळशी कातकरी आणि ठाकूर कुटुंबे दिवाळीनंतर भिवंडी-कल्याणकडच्या वीटभट्ट्यांवर जातात आणि पावसाच्या तोंडावर परततात. म्हणजे जत्रांचा हंगाम आणि त्यांच्या गैरहजेरीचे महिने एकच. मुले आई-बापांबरोबर जातात. विटा थापणाऱ्या पोराचे खांदे भरतात, पण ते मैदानात कोणाला दिसत नाहीत. कोल्हापूरचा मल्ल आला नाही तर दुसरे पत्रक छापले जाते. भट्टीवर गेलेला मुलगा आला नाही तर पहिल्या पत्रकातली ओळ दुसऱ्यातही तशीच राहते, कारण तिच्यात बदलण्यासारखे नावच नसते. आमच्या दोन्ही पत्रकांत ती ओळ अक्षरशः सारखी आहे. पाठभेदांचा अभ्यासक ती ओलांडून पुढे जाईल. आम्हीही प्रथम गेलोच होतो.

येत्या चैत्रात मुरबाड तालुक्यात सरळगावच्या पुढे एका गावी मैदान ठरले आहे, आणि त्याचे पत्रक हे लिहिताना समोर आहे. भाकितांवर टीका करणाऱ्याने स्वतः भाकीत करण्यास कचरू नये, म्हणून काही मते नोंदवून ठेवतो. पहिल्या क्रमांकाची कुस्ती बरोबरीत सुटेल. दोघांच्या नावांखाली एकच तालीम आहे हे कारण नव्हे, दोघांनाही त्याच आठवड्यात देशावर मैदाने आहेत हे कारण. दुसऱ्या क्रमांकाची जोडी मैदानापर्यंत टिकेल असे वाटत नाही; तिच्यातील एकाची निवड-चाचणी त्याच सुमारास आहे, तेव्हा दुसऱ्या पत्रकाची वाट पाहावी. तिसऱ्या क्रमांकावर मुरबाडचा एक मुलगा भिवंडीकडच्या एकाशी लढणार आहे. मुरबाडच्या मुलाचा पट आम्ही दोन वर्षे पाहत आहोत आणि तो फार चांगला आहे. पण तो गावच्या तालमीत एकटाच आहे, आणि समोरच्याला रोजची जोड आहे. कुस्ती निकाली होईल, आणि आमच्या मनाविरुद्ध होईल.

चौथ्या क्रमांकावर दोन मुलींची कुस्ती आहे. या गावच्या पत्रकात ती प्रथमच आली आहे. २०२३ साली सांगलीला महिलांची पहिली महाराष्ट्र केसरी स्पर्धा झाली, तिच्या अंतिम कुस्तीत सांगलीच्या प्रतीक्षा बागडीसमोर कल्याणची वैष्णवी पाटील होती. कुस्ती बागडीने जिंकली, परंतु मुरबाडच्या बाजारात ज्या गावची भाजी आणि कापड येते त्या कल्याणची मुलगी एवढी पुढे गेली, ही गोष्ट इकडच्या घरांत पोचली आहे. पत्रकातील दोघींच्या नावांखाली तालीम छापलेली नाही, गावे छापली आहेत. या जोडीविषयी भाकीत करण्यासाठी लागणारी माहिती कोणाजवळच नाही, आणि म्हणून गर्दी सर्वांत गप्प राहून पाहील ती हीच.

शेवटच्या ओळीतील कुस्त्या तासाभरात आटोपतील असे आमचे अनुमान आहे. चैत्रात भट्ट्या चालूच असतात. पत्रकात मैदानाची वेळ दुपारी तीनची दिली आहे, पण नारळावरच्या कुस्त्या त्या वेळेच्या पुष्कळ आधी, निवेदकाचा ध्वनिक्षेपक लागण्यापूर्वीच सुरू होतात. विभागातील ज्या विद्यार्थ्यांना यायचे असेल त्यांनी कल्याणहून सकाळची एस.टी. धरावी, आणि वही बरोबर आणावी. त्या मुलांची नावे पंच एकदाच उच्चारतात.